लाभ, दोन, तीन

करडी गावात भुपेंद्र गभणेला अजून कोणी इंजिनिअर म्हणत नाही. पायलीवाल्याचा पोरगा म्हणतात. त्याचे वडील मधुकरराव धान मोजतात. तसे ते शेतकरीच. तलावाखाली त्यांच्या धानाच्या चार बांध्या आहेत. पण गावात कोणाचं धान निघालं की मोजायची पायली त्यांच्या हातात येते. आता काटे आलेत, खरेदी केंद्रावर सगळं किलोने चालतं. तरी बियाण्याचं धान, देवाचं धान, भावाभावांच्या वाटणीचं धान लोक काट्यावर घालत नाहीत. मधुकररावांना बोलावतात. त्यांची मोज चुकत नाही, असं गाव म्हणतं.

मोजायची एक रीत आहे. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. "एक म्हटलं तं धान एकटा पडते," असं भुपेंद्रची आई आनंदाबाई सांगते. पायली भरेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवायचा. लाभच लाभ, लाभच लाभ. पायली रिकामी झाली की दोनच दोन, दोनच दोन. वीस झाल्या की एक चिंचोका बाजूला ठेवायचा. आणि मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. कोणी हाक मारलीच, तर तो मान वर न करता नुसता तळहात दाखवतो. मध्ये बोललं तर मोज बाटते. मग धान पुन्हा राशीत ओतायचं आणि पुन्हा लाभपासून सुरू करायचं.

भुपेंद्र हे ऐकत वाढला. पहिलीत गुरुजींनी अंक म्हणायला उभं केलं तेव्हा तो म्हणाला होता, "लाभ, दोन, तीन." वर्ग हसला नव्हता. निम्म्या पोरांच्या घरी तसंच मोजत होते.

हसले ते पुण्यात.

नागपूरला इंजिनिअरिंग करून तो पुण्याला गेला आणि दीड वर्ष मुलाखती देत राहिला. सतरा झाल्या. पहिल्याच मुलाखतीत तो म्हणाला, "मले वाटते." समोरच्या बाई छान हसल्या. वाईट हेतूने नाही. पण त्या रात्रीपासून तो आरशासमोर उभा राहून बोलू लागला. मले नाही, मला. काहून नाही, का. करून राहिलो नाही, करतोय. खोलीवर एकदा मेसचे डबे मोजताना तोंडातून लाभ निघून गेलं. खोलीतल्या तिघांनी त्याचं नावच लाभशेठ ठेवलं. आठ महिने तो लाभशेठ होता. मग तो मनातसुद्धा एकपासून मोजायला शिकला. अठराव्या मुलाखतीत नोकरी लागली. तेव्हा त्याने कोडमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते यावर एक झकास विनोद सांगितला होता. सगळे हसले. त्याला हायसं वाटलं.

त्या गोष्टीला चार वर्षं झाली.

त्याची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कोणत्या गाडीत कोणता माल चढला, कोणता उतरला, त्याची यादी ठेवणारं. काम साधं आहे, पण ते न थांबता चालावं लागतं. हे वर्ष वाईट निघालं. निम्मा कोड मशीन लिहू लागलं. त्याच्या टीममध्ये बावीस जण होते, नऊ राहिले. दिवाळीनंतर मॅनेजर वीरेंद्रने त्याला बोलावलं. वीरेंद्र भोपाळकडचा, चाळिशीचा. माणूस वाईट नाही. तो म्हणाला, "भाई, तेरा नाम लिस्ट में है. मार्च तक देखेंगे." ती यादी कामात सुधारणा हवी असलेल्यांची. तीत नाव आलेल्यांपैकी अजून कोणी सुधारल्याचं ऐकिवात नव्हतं.

वीरेंद्रनेच मग वाट काढली. एका जागेची भरती निघाली होती. "पैनल पे बैठ. ऊपर वालों को दिखेगा कि तू काम का आदमी है." मुलाखत देणारा भुपेंद्र मुलाखत घेणारा झाला.

प्रश्न त्यानेच निवडायचा होता. पुस्तकातले प्रश्न विचारून उपयोग राहिला नव्हता. समोरचा उमेदवार दुसऱ्या खिडकीत मशीनला विचारतो आणि वाचून दाखवतो. म्हणून वीरेंद्र म्हणाला, आपल्याच कामातला छोटा तुकडा दे, नावं काढून टाक, आणि सोबत खऱ्या फाईलमधल्या चार ओळी जोड. काय चाललंय ते वाचून सांगायला लाव. भुपेंद्रने स्वतः लिहिलेला एक तुकडा घेतला. गोदामातून रोज सकाळी एक फाईल येते, तिच्यातल्या मालाच्या ओळी हा तुकडा मोजतो. त्यातल्या त्यात त्याला आवडणारा कोड होता. नमुन्याला त्याने ताज्या फाईलमधल्या सगळ्यात वरच्या सात ओळी घातल्या.

पाच जणांनी तो वाचला. पाचही जणांनी बरोबर सांगितलं.

सहावी होती खुशबू लांजेवार.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. धान निघालं म्हणून भुपेंद्र पंधरा दिवस घरून काम करायची परवानगी काढून करडीला आला होता. आतल्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, पाठीमागे चादर बांधलेली. चादरीमागे धानाची पोती. बाहेर अंगणात मधुकरराव भैय्यालालचं बियाण्याचं धान मोजायला बसत होते. भैय्यालाल शेजारचा, मधुकररावांच्याच वयाचा, तोंडाने तिखट. खिडकीतून डोकावून तो म्हणाला, "का गा भुपेंद्र, घरात बसून पगार घेऊन राहिला? आमाले पण लाव न अशा नोकरीले. बसाचं काम आमाले बी येते."

"बसतो म्हणजे डोकं चालवतो, काका."

"चालव चालव. गाडी नाही तं डोकं चालव."

आनंदाबाईने त्याला हाकललं. "जा जी तिकडं, पोराची परीक्षा आहे."

"माय, परीक्षा माझी नाही. मी घेऊन राहिलो."

"एकच झालं," आनंदाबाई म्हणाली आणि खिडकी लोटून गेली.

खुशबूच्या अर्जावर गाव लिहिलं होतं. कोंढा, तालुका पवनी. भुपेंद्रने ते वाचलं. जिल्हा एकच. पण ओळख दाखवायची नाही, असा नियम होता. तो नियम पाळणं त्याला अवघड गेलं नाही. तो मुद्दाम जास्तच पुणेरी बोलला.

तिच्यामागे निळी भिंत होती, भिंतीवर दुकानातलं कॅलेंडर. केस घट्ट बांधलेले. बोलणं जपून. प्रत्येक 'मला' ती तोलून म्हणत होती. भुपेंद्रला ते ऐकू येत होतं. ते दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नसतं.

वीरेंद्र पुण्याहून जोडला होता. त्याने आपला कॅमेरा बंद ठेवला होता.

कोड पडद्यावर आला. खुशबूने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "सर, एकेक ओळ हातानं चालवून बघू का?"

"जरूर. वेळ घ्या," भुपेंद्र म्हणाला.

तिने मान खाली घातली. नजर डावीकडे, पडद्याच्या खाली कुठेतरी गेली. ओठ हलू लागले. आधी काही ऐकू आलं नाही. मग माईकने पकडलं.

लाभच लाभ, लाभच लाभ. दोनच दोन.

भुपेंद्रने आधी आपला माईक बंद केला. त्याला वाटलं, अंगणातला आवाज आला. पण अंगणात भैय्यालालचं हसणं चालू होतं. मधुकरराव अजून बसायचे होते. आवाज लॅपटॉपमधून येत होता. पडद्यावरच्या ओळी ती बोटांच्या पेरांवर मोजत होती.

"खुशबू, आप कुछ बोल रही हैं?" वीरेंद्र मध्येच म्हणाला.

तिने मान वर केली नाही. उजवा हात उचलला आणि कॅमेऱ्याला तळहात दाखवला.

"हॅलो? कैन यू हियर मी?"

तळहात तसाच. तीनच तीन. चारच चार. थेट सातपर्यंत. मग हात खाली आला, चेहरा वर आला, आणि तो एकदम गोरामोरा झाला. आपण काय केलं ते तिला आत्ता कळलं होतं.

"सॉरी सर. मोजत होते."

"ठीक है. बोलिए," वीरेंद्र म्हणाला. आवाज थंड होता.

"सर, ओळी सात आहेत. हा कोड सहा सांगतो. पहिली ओळ तो सोडून देतो."

भुपेंद्रने माईक सुरू केला. उत्तर त्याच्याकडे तयार होतं. "ती शीर्षकाची ओळ आहे. फाईलच्या वर रकान्यांची नावं असतात, ती मोजायची नसतात. म्हणून सोडलीय."

"हो सर. पण इथं शीर्षक नाही. पहिल्या ओळीतच माल आहे. म्हणजे रोज पहिला नग सुटत असेल."

खोलीत धानाचा वास होता. भुपेंद्रने पडदा पाहिला. पहिली ओळ त्याने स्वतः तिथे डकवली होती. तीत एका खोक्याचा नंबर होता, वजन होतं, गावाचं नाव होतं. शीर्षक नव्हतं. गेल्या दहा दिवसांत त्याने ती सात ओळींची चौकट पाच वेळा दाखवली होती.

तो काही बोलायच्या आत वीरेंद्रने विचारलं, "आपके साथ कमरे में कौन है?"

"कोणी नाही सर."

"लॅपटॉप घुमाइए."

तिने फिरवला. निळी भिंत, कॅलेंडर, शिलाई मशीन, पलंग, पलंगावर घडी घातलेलं ब्लँकेट. दार बंद होतं. मग केस बाजूला करून तिने दोन्ही कान दाखवले. कोणी सांगितलं नव्हतं. तिला मागणी काय असते ते माहीत असावं. लॅपटॉप पुन्हा सरळ झाला तेव्हा ती हसायचा प्रयत्न करत होती.

"हम बताएँगे," वीरेंद्र म्हणाला. ती गेली.

मग ते दोघेच उरले.

"देखा तूने?" वीरेंद्र म्हणाला.

"काय सर?"

"लैब, लैब कर रही थी. नया कोई ऐप होगा. कोडवर्ड बोलो, कान में जवाब आ जाता है. और मुझे हाथ दिखा रही है! बारह साल में किसी कैंडिडेट ने मुझे हाथ नहीं दिखाया. ट्रैफिक पुलिस है क्या?"

इथे एक वाक्य पुरलं असतं. सर, ते लॅब नाही, लाभ आहे. लाभ म्हणजे एक. आमच्याकडे असंच मोजतात आणि मोजताना कोणी बोलत नाही. भुपेंद्रच्या जिभेवर ते आलं होतं. त्याच्यामागून लाभशेठ आला. आणि लाभशेठच्या मागून दुसरं काही आलं, ते जास्त जड होतं.

"और वो पॉइंट," वीरेंद्र म्हणाला. "पाँच लोगों ने कोड देखा. मैंने देखा. किसी को नहीं दिखा. तुझे दिखा था?"

"नाही."

"तो गाँव में बैठी लड़की को कैसे दिख गया? सुन, फॉर्म में गैरप्रकार वाला खाना है. मैंने टिक कर दिया. दोनों का टिक लगता है. पाँच बजे तक भर दे."

तो रकाना भुपेंद्रला माहीत होता. तिथे दोघांच्या खुणा पडल्या की उमेदवार दोन वर्षं बंद. आणि ज्या एजन्सीने तिचं नाव पाठवलं, तिलाही कळवलं जातं. ती एजन्सी पुण्यातल्या चाळीस कंपन्यांना नावं पुरवते.

"हो सर," भुपेंद्र म्हणाला.

साडेअकरा वाजले होते.

त्याने आधी खरी फाईल उघडली. मग कालची. मग परवाची. असं करत तो मागे जात राहिला. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. शीर्षक कुठेच नव्हतं. जानेवारीच्या नऊ तारखेच्या फाईलला होतं. दहाच्या फाईलला नव्हतं. त्या आठवड्यातल्या मेल काढल्या. गोदामाकडून एक लांबलचक मेल आली होती, सुट्ट्यांच्या तारखांची. तिच्या तळाशी एक ओळ होती. उद्यापासून फाईलमध्ये शीर्षकाची ओळ राहणार नाही. मेलला त्याने चांदणी लावून ठेवली होती. नंतर बघू म्हणून. चांदणी अजून पिवळी होती.

अकरा महिने रोज सकाळी फाईलमधला पहिला नग यादीत आला नव्हता.

मग त्याला रिता आठवली. त्याने तिला पाहिलेलं नाही. ती त्या गोदामात यादी ताडून बघायची. तिच्या सहा मेल होत्या. पहिली मार्चमधली. सर, रोज सकाळी एक नग यादीत कमी दिसतो, कृपया बघावं. भुपेंद्रने त्याच दिवशी उत्तर दिलं होतं. आमच्या बाजूने तपासले. दोष आढळला नाही. माल चढवणाऱ्यांकडे चौकशी करावी. हे त्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याने तपासलं होतं. आपल्याकडे ठेवलेल्या जुन्या फाईलवर तपासलं होतं. तिला शीर्षक होतं.

रिताची शेवटची मेल जूनची. सर, माल चढवणारे दोघे जण कामावरून बंद केले. तरी एक कमी येतोच. पुन्हा बघता का.

या मेलला त्याने उत्तर दिलं नव्हतं. जुलैपासून गोदामाच्या मेलवर दुसऱ्याच कोणाचं नाव यायला लागलं.

आनंदाबाई दाराशी आली. "भुपेंद्र, जेवाले ये. भात थंडा होऊन राहिला."

"येतो, माय."

तो गेला नाही. त्याने फॉर्म उघडला. गैरप्रकारचा रकाना लाल होता. खाली लिहिलं होतं, कारण नमूद करावे. ती फसवत नव्हती, असं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप येत होतं. मग तिला दिसलं ते खरं होतं. खरं होतं तर कोड कोणाचा? ज्याचं नाव आधीच यादीत आहे त्याचा. मार्चपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. उलट एक खूण केली की सगळं जिथल्या तिथे राहत होतं. चूक तो उद्या गुपचूप दुरुस्त करू शकत होता. मोजणी कुठल्या ओळीपासून सुरू करायची तिथे शून्याच्या जागी एक लिहिलं होतं, ते शून्य करायचं. एका आकड्याचं काम. कोणाला कळलंही नसतं. फक्त कोंढ्यातली एक मुलगी दोन वर्षं प्रत्येक कंपनीतून परत येत राहिली असती, आणि का येते ते तिला कोणी सांगितलं नसतं.

नाही, तिला कळलं असतं. आपण बोटांवर मोजलं म्हणून, असं तिला वाटलं असतं. मग तीही आरशासमोर उभी राहिली असती.

तीन वाजता तो अंगणात आला.

मधुकरराव राशीशी मांडी घालून बसले होते. समोर भैय्यालाल शेवटचं पोतं धरून. दोन चिंचोके बाजूला ठेवलेले. अकराच अकरा, अकराच अकरा.

"बाबूजी," भुपेंद्र म्हणाला.

मधुकररावांनी मान वर केली नाही. उजवा तळहात उचलला, त्याच्याकडे केला.

तो तळहात भुपेंद्र जन्मापासून बघत होता. आज सकाळी त्याने तो पडद्यावर पाहिला होता. भेगा नव्हत्या एवढाच फरक. तो जागच्या जागी उभा राहिला.

सतराला रास संपली. भैय्यालालने पोत्याचं तोंड बांधलं. "इंजिनिअर झाला आन् मोजणाऱ्याले हाक मारते," तो म्हणाला. "पुण्यात अक्कल गहाण ठेवली का बे?"

"चुकलं काका."

"चुकलं तं चुकलं. तुझा बाप आहे म्हणून बरं. दुसरा असता तं मोज बाटली असती." त्याने पोतं पाठीवर घेतलं. जाता जाता उजव्या बाजूच्या भिंतीवरून पलीकडे थुंकला. भिंतीपलीकडे त्याच्या धाकट्या भावाचं अंगण होतं. चौदा वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली. पुढच्या वर्षी धाकट्याच्या अंगणाला चारी बाजूंनी भिंत आली. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. धाकट्याचं म्हणणं, मोठ्याने धान मारलं. मोठ्याचं म्हणणं, मधुकरनं मोजलं, मधुकरची मोज चुकत नाही.

भैय्यालाल गेला. मधुकरराव पायली पालथी घालून झटकत होते.

"बाबूजी, तुमची मोज कधी चुकली का?"

भुपेंद्रला उत्तर माहीत होतं. गावाला माहीत होतं. त्याला ते फक्त ऐकायचं होतं.

मधुकररावांनी पायली खाली ठेवली. भिंतीकडे पाहिलं.

"एक डाव," ते म्हणाले.

"कधी?"

"यायच्या दोघा भावायच्या वाटणीत. भैय्यालालचं मोजताना एक चिंचोका ठेवाचा राहिला. वीस पायल्या ह्याच्याकडं जास्त गेल्या. रात्री झोपलो तवा ध्यानात आलं."

"मग?"

"मग काय. सकाळी सांगाले निघालो. दारातून वापस आलो." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "तोंड उघडलं असतं तं पायली गेली असती हातातून. मनात म्हटलं, भाऊ भाऊ आहेत, समजून घेतील. तं त्यायनं भिंत घातली."

"आत्ता सांगा न."

"आता कोणाले सांगू? चवदा साल झाले. आता सांगतलं तं दोघंही मलेच मारतील. आन् बरोबर मारतील." त्यांनी मान वळवली. "तू कायले विचारून राहिला?"

भुपेंद्रने बापाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मधुकरराव म्हातारे दिसत होते. ते रोजच दिसत असतील. पायली त्यांच्या पायाशी होती, तिचा काठ हाताने घासून गुळगुळीत झालेला. भिंतीपलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं. आवाज इतका जवळ होता की हात पुढे केला तर ताटाला लागला असता.

"असंच," तो म्हणाला आणि आत गेला.

चार वाजता त्याने फॉर्म भरला. गैरप्रकारच्या रकान्यात 'नाही' केलं. कारणाच्या जागी इंग्रजीत लिहायचं असतं. तिथे त्याने 'लाभ' हा शब्द मात्र मराठीत लिहिला. पुढे लिहिलं. या शब्दाचा अर्थ एक. आमच्या जिल्ह्यात धान मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात. मोजताना बोलत नाहीत, हात दाखवतात. उमेदवार मोजत होती. तिने सांगितलेली चूक खरी आहे. कोड माझा आहे. चूक दहा जानेवारीपासून आहे. सोबत रिताच्या सहा मेल जोडत आहे.

सहा मेल जोडताना त्याचा हात दोनदा थांबला. दोनदा पुढे गेला.

दहा मिनिटांनी फोन आला.

"ये क्या भेजा है?" वीरेंद्र म्हणाला. "पागल है क्या? मुझे फोन कर लेता. चुपचाप ठीक कर देते."

"ते करायचंच आहे सर."

"अभी एचआर ने खोला नहीं है. मैं वापस खींच सकता हूँ. तू दूसरा भर. लड़की को नॉर्मल रिजेक्ट कर देंगे, टिक नहीं लगाएँगे. उसका भी भला, तेरा भी."

ही तिसरी वाट भुपेंद्रच्या लक्षातच आली नव्हती. ती फार सोपी होती. कोणाचंच वाईट होत नव्हतं. म्हणजे खुशबूचं नाही, त्याचं नाही. रिताचं आणि त्या दोघांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दोघांची तर त्याला नावंही माहीत नव्हती.

"सर, दोन माणसांची नोकरी गेली त्याच्यात."

"वो अपने लोग नहीं हैं, भाई."

बाहेर आनंदाबाई कोंबड्यांना हाकलत होती.

"बोल, खींच लूँ?"

"नका सर."

मग वीरेंद्रने विचारलं, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा थोडा वेगळा होता, "सच में एक को लाभ बोलते हैं?"

"हो सर."

"तू भी?"

"मी सोडलं होतं."

"मेरा टिक मैं हटा देता हूँ," वीरेंद्र म्हणाला. "पर उम्मीद मत रख. न उसकी, न तेरी. पोस्ट वैसे भी शायद होल्ड पे जा रही है." त्याने फोन ठेवला.

पाचला पडद्यावर निरोप आला. उद्या सकाळी दहा वाजता बैठक. वीरेंद्र, एचआरमधली एक बाई आणि भुपेंद्र. विषयाची जागा कोरी होती. अशा बैठकीचा विषय कोणी लिहीत नाही. टीममधून गेलेल्या तेराही जणांना असाच निरोप आला होता.

खुशबूचा नंबर अर्जावर होता. त्याने तो पाहिला. फोन लावायचा नाही, असा नियम होता. आणि लावून काय सांगणार? तुझं बरोबर होतं, पण जागा नाही. त्याने अर्ज मिटला.

मग त्याने जानेवारीची फाईल पुन्हा काढली. दहा तारखेची. पहिल्या ओळीतला नंबर, गावाचं नाव कागदावर लिहून घेतलं. अकरा तारखेची. बारा. उद्या दहाला कोणीतरी विचारणारच होतं, एकूण किती. मशीनला सांगितलं असतं तर क्षणात आकडा आला असता. त्याने सांगितलं नाही. एकेक फाईल तो उघडत होता, पहिली ओळ बघत होता, लिहीत होता.

आनंदाबाई चहा घेऊन आली. दुपारी तिनेच आणून ठेवलेलं ताट टेबलाच्या कोपऱ्यावर झाकून तसंच होतं. तिने ताटाकडे पाहिलं, मग पोराकडे.

"भुपेंद्र, काय झालं? कोणी काही बोललं का रे?"

त्याचे ओठ हलत होते. मान खाली होती. त्याने उजवा तळहात उचलला आणि तिच्याकडे केला.

आनंदाबाईने कप ठेवला. आवाज होऊ नये म्हणून बशीखाली बोट धरलं, मग ते हळूच काढून घेतलं. दाराशी मधुकरराव येऊन उभे होते. तिने त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

मोजून राहिला, ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

मधुकरराव आत आले नाहीत. गेलेही नाहीत. चौकटीला हात लावून ऐकत राहिले.